झाडावरच्या ममी आणि वर्गणीची पावती

भाषांतराचं काम करताना मी एकदा एका शब्दापाशी अर्धा दिवस अडकून बसले होते आणि तो शब्द होता ममी. बदामाच्या बागेसाठी काढलेलं एक माहितीपत्रक होतं, त्यात लिहिलेलं की हिवाळ्यात एका झाडावर दोनपेक्षा जास्त ममी राहू देऊ नका. पहिल्यांदा वाचून मी हसलेच, मग वाटलं छापायची चूक असणार, मग शोधाशोध केली तेव्हा कळलं की काढणी झाल्यावरही जे बदाम फांदीला चिकटून राहतात, सुकतात, काळे पडतात, त्यांना कॅलिफोर्नियात ममीच म्हणतात. आणि त्या ममीच्या पोटात एक अळी हिवाळाभर मुक्काम ठोकून असते. तिचं नाव नेव्हल ऑरेंजवर्म, म्हणजे नाव संत्र्याचं आणि खाणार बदाम, पिस्ते, अक्रोड. थंडी सरली की अळीचा पतंग होतो, पतंग नव्या फळात अंडी घालतो, आणि अळीने पोखरलेल्या बदामात मागोमाग बुरशी शिरते. म्हणून थंडीत काठ्यांनी नाहीतर मशीनने झाडं हलवून ममी पाडायच्या आणि जमिनीवर त्यांचा चुरा करायचा. किचकट, थंडीत करायचं, लगेच एक पैसाही हातात न देणारं काम.

आता गंमत बघा, पत्रकातली सूचना प्रत्येक बागायतदाराला वेगवेगळी केलेली आहे पण पतंगाला बांध कळत नाही. मी माझ्या झाडांवरच्या सगळ्या ममी पाडल्या आणि शेजाऱ्याने आळस केला तर त्याचे पतंग आरामात माझ्याकडे येणार. दुसरा उपाय म्हणजे मादी पतंगाचा वास बागेत जागोजागी टांगून ठेवायचा, नराला कळेनासं होतं मादी नेमकी कुठे आहे आणि जोड्या जमत नाहीत, पण हाही उपाय सलग मोठ्या क्षेत्रावर जितका चालतो तितका एकट्या तुकड्यात चालत नाही. म्हणजे शेत एकट्याचं, आणि कीड मात्र सगळ्यांची.

त्या पत्रकाच्या तळाशी बदाम बागायतदारांच्या संघटनेचं नाव होतं. आणि मला माझे खजिनदारकीचे दिवस आठवले.

मी दोन वर्षं एका छोट्या धंदेवाईक संघटनेची खजिनदार होते, कुठली ते जाऊ दे, बागायतदारांची नव्हती एवढं सांगते. पद मोठं वाटतं, काम एकच, पावतीपुस्तक घेऊन लोकांना फोन करायचे. आणि प्रत्येक फोनवर एकच प्रश्न, ‘अहो मॅडम, पण तुमची संघटना नेमकं करते काय?’ सुरुवातीला मी उत्साहाने सांगायचे, ही मीटिंग झाली, ते निवेदन दिलं, अमुक नियम निघणार होता तो थांबवला. समोरचा म्हणायचा, ‘हो, पण मला काय मिळालं?’ आणि मला उत्तर यायचं नाही. कारण जे झालं नाही ते दाखवणार कसं? जो नियम आलाच नाही, जो रोग पसरलाच नाही, त्याची पावती फाडता येत नाही.

म्हणून त्या बदामवाल्यांच्या पत्रकानंतर मी जरा खोदूनच वाचत गेले, की ही माणसं वर्गणी गोळा करतात तरी कशी. मराठीत लिहायचं तर आधी शब्दाचीच पंचाईत. नट उत्पादक संघटना लिहावं तर वाचणाऱ्याला वाटणार नाटक कंपनीची भानगड आहे. सुकामेवा म्हणावं तर त्यात मनुका आणि खजूरही येऊन बसतात. कवचफळ हा सरकारी शब्द बरोबर आहे पण तोंडात कवचासारखाच लागतो. वनस्पतीशास्त्रवाल्यांना विचाराल तर बदाम हे नटच नव्हे, शेंगदाणा तर चक्क कडधान्याच्या कुळातला. पण बाजाराने या सगळ्यांना एका पंगतीत बसवलंय, तर मीही बसवते.

या पिकांची एक अडचण बाकी शेतीपेक्षा वेगळी आहे ती म्हणजे वेळ. पिस्त्याचं कलम लावलं की पहिली फळं बघायलाच पाच-सात वर्षं, भरात यायला त्याहून कितीतरी जास्त, आणि भरात आल्यावरही झाड एक वर्ष भरभरून देतं नि पुढच्या वर्षी हात राखतं. भाजीवाल्याला भाव पडला तर पुढच्या हंगामात दुसरं काही लावता येतं, पिस्तावाला कुठे जाणार? झाडं उपटून? तो अडकलेला असतो, आणि तो अडकलाय हे माल विकत घेणाऱ्यालाही पक्कं माहीत असतं. १९१० साली कॅलिफोर्नियातल्या बदामवाल्यांनी याच कारणाने एकत्र येऊन सहकारी विक्री संस्था काढली, दलाल एकेकाला गाठून भाव पाडत होते म्हणून. ती संस्था आज ब्लू डायमंड नावाने ओळखली जाते. विक्रीची संस्था असली की ‘मला काय मिळालं’ याचं उत्तर सोपं असतं, भाव मिळाला. पण कीड, संशोधन, परदेशातले नियम, यांचं काय? ते विकता येत नाही. आणि खरी डोकेदुखी तिथेच सुरू होते.

बदामवाल्यांनी ती डोकेदुखी कायद्याने सोडवली. १९५० पासून तिथे एक बोर्ड आहे, आजचं आल्मंड बोर्ड ऑफ कॅलिफोर्निया, केंद्र सरकारच्या आदेशाखाली चालणारं, आणि त्याची वर्गणी ऐच्छिक नाही. पौंडामागे काही सेंट, आणि ते बागायतदाराकडे फोन करून मागायचे नाहीत, माल ज्या हँडलरच्या, म्हणजे बागेतून माल घेऊन पुढे बाजारात पाठवणाऱ्याच्या, हातून जातो त्याच्याकडूनच वसूल होतात. हे वाचून मला एक खजिनदार म्हणून जो काही हेवा वाटला तो काय सांगू. एकही फोन नाही, ‘पुढच्या आठवड्यात बघू’ नाही. कोणी फुकट बसून दुसऱ्याच्या वर्गणीवर सावली घेऊ शकत नाही.

पण सक्ती म्हटलं की तिची किंमतही असते, ती पिस्तावाल्यांनी दाखवली. त्यांचंही कॅलिफोर्नियात सक्तीच्या वर्गणीचं कमिशन होतं, कमिशन म्हणजे इथे दलाली नव्हे, उत्पादकांचं मंडळ, आणि ठराविक वर्षांनी ते चालू ठेवायचं का यावर उत्पादकांचं मतदान व्हायचं. २००७ मध्ये ते मतदानात पडलं. मोठ्या उत्पादकाला वाटत होतं की सगळ्यात जास्त पैसे मी भरतो आणि जाहिरात सगळ्यांच्या मालाची होते, माझ्या ब्रँडची नाही. लहान उत्पादकाला नेमकं तेच हवं होतं, कारण त्याच्याकडे ब्रँडच नव्हता. मला दोघांचंही पटतं, हाच प्रॉब्लेम आहे. कमिशन बंद झालं, आणि मग एक ऐच्छिक संघटना मोठी झाली, अमेरिकन पिस्ताचिओ ग्रोअर्स या नावाने, म्हणजे फिरून पुन्हा पावतीपुस्तक. संशोधनाची वर्गणी मात्र वेगळ्या बोर्डाकडून चालू राहिली, भांडण जाहिरातीवरून होतं, बुरशीवरून कोणी भांडत नव्हतं.

बुरशीवरून आठवलं, सगळ्यात सुरस गोष्ट बुरशीचीच आहे. अ‍ॅस्परजिलस फ्लेवस नावाची बुरशी अफ्लाटॉक्सिन तयार करते, लिव्हरच्या कॅन्सरला कारण ठरणारं विष, आणि ते डोळ्याला दिसत नाही, लॅबमध्येच सापडतं. १९९७ च्या सप्टेंबरात युरोपियन युनियनने इराणच्या पिस्त्याची आयात काही महिने बंद केली होती ती याच विषामुळे. नंतर आयात सुरू झाली पण कडक तपासणीच्या अटींसकट. अशा वेळी एखाद्याचा माल अगदी स्वच्छ असला तरी त्याला कोण विचारतं? बंदी देशावर येते, कंटेनरवर माझं नाव आहे का तुझं हे नंतर. तर या बुरशीवर जो उपाय निघाला तो म्हणजे तिचीच बिनविषारी भावकी. त्याच जातीच्या बुरशीचा एक प्रकार असा असतो की त्याला विष बनवता येत नाही. एएफ-३६ हे त्याचं नाव, आधी अ‍ॅरिझोनात कापसासाठी वापरलेला. तो धान्याच्या दाण्यांवर वाढवून बागेत फेकतात, तो आधी जागा अडवून बसतो आणि विषारी भावंडाला पाय ठेवायला जागा उरत नाही. कॅलिफोर्नियातल्या पिस्त्याच्या बागांमध्ये २०१२ पासून त्याला परवानगी मिळाली. त्यामागे कित्येक वर्षांच्या चाचण्या, आणि त्या चाचण्यांना उत्पादकांच्या वर्गणीतून पैसा. कुठला एकटा बागायतदार हे करणार होता? आणि कुठली कंपनी आपणहून करेल, पीक एवढं छोटं की औषध विकून खर्चही निघायचा नाही.

अमेरिकेतल्या ओरेगन राज्यातल्या हेझलनटची, म्हणजे चॉकलेटात घालतात त्या गोल कवचाच्या नटची, गोष्ट तर मला त्याहूनही आवडते. अमेरिकेतले जवळजवळ सगळे हेझलनट त्या एका राज्यात होतात. पूर्वेकडून ईस्टर्न फिलबर्ट ब्लाइट नावाचा रोग आला, १९७० च्या आसपास शेजारच्या वॉशिंग्टन राज्यात दिसला आणि १९८६ मध्ये ओरेगनमधल्या खोऱ्यात पोचला. फांद्या वाळायच्या, झाड हळूहळू मरायचं. या सगळ्यात एक सामान्य जात उभी राहिली, गॅसअवे नावाची, जी परागासाठी कडेला लावलेली असायची, फळ छोटं, उत्पन्न कमी, कोणी तिच्याकडे ढुंकून बघत नव्हतं. रोगट बागेत ती मात्र ठणठणीत. ओरेगन स्टेट युनिव्हर्सिटीच्या लोकांनी तिचा तो एक जीन धरला आणि संकर करत बसले. करत बसले म्हणजे किती, तर जेफरसन ही भरवशाची रोगप्रतिकारक जात बागायतदारांच्या हातात आली २००९ मध्ये. तीसेक वर्षं! त्या सगळ्या काळात बागायतदार आपल्या कमिशनमार्फत पौंडामागे थोडे थोडे पैसे देत राहिले, ज्यांनी सुरुवातीला दिले त्यातल्या कित्येकांनी ते झाड बघितलंही नसेल. माझी मेंबरं मार्च महिन्यात डिसेंबरचा हिशेब विचारायची.

सगळ्याच गोष्टी इतक्या गोड नाहीत. बदामातून साल्मोनेलाची लागण झाल्याचे दोन प्रकार झाले, २०००-०१ ला आणि परत २००३-०४ ला. बदाम म्हणजे कोरडा, त्यात जंतू कसला, अशीच सगळ्यांची समजूत होती. माग काढत गेले तर तो मोजक्याच बागांपर्यंत गेला पण बदनामी सगळ्या बदामांची. मग बोर्डाने स्वतःच नियम मागून घेतला, आणि १ सप्टेंबर २००७ पासून कॅलिफोर्नियाच्या बदामावर वाफेने, तेलात भाजून, नाहीतर गॅसने प्रक्रिया करणं सक्तीचं झालं. मोठ्यांना परवडलं, त्यांच्याकडे मशीन होती. जे छोटे सेंद्रिय बागायतदार कच्चे बदाम म्हणूनच गिऱ्हाईक जोडून होते त्यांचं गिऱ्हाईकच गेलं, कारण बाहेरच्या देशातून येणाऱ्या बदामाला हा नियम लागू नव्हता, म्हणजे कच्चा बदाम हवा असेल तर परदेशातला घ्या. त्यातले काही कोर्टात गेले, खटला वर्षानुवर्षं चालला, शेवटी हरले. आता बोर्ड चुकलं का? मला नाही तसं म्हणवत. तिसऱ्यांदा लागण झाली असती तर छोटे-मोठे सगळेच बसले असते. पण ज्या कमिटीत तो ठराव झाला तिथे किती जण कच्चे बदाम विकणारे होते, हे मला विचारावंसं वाटतं. मी कमिट्यांमध्ये बसलेय, मला माहितीये, ठराव जो उपस्थित असतो त्याच्या सोयीने होतो, आणि छोट्या माणसाला मीटिंगला यायला सवड नसते.

सरकारदरबारी जाणं हे तर या संघटनांचं सगळ्यात जुनं काम. जानेवारी १९२१ मध्ये अमेरिकेतल्या शेंगदाणावाल्यांच्या संघटनेने आयात शेंगदाण्यावर जकात बसवा म्हणून संसदेच्या कमिटीसमोर साक्षीला पाठवलं जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर यांना. वर्णभेदाचा तो काळ, संघटना गोऱ्यांची, आणि बोलायला कृष्णवर्णीय प्राध्यापक, कारण शेंगदाण्यावर त्यांच्याइतकं बोलू शकणारं कोणी नव्हतंच. १० मिनिटं दिली होती. त्यांनी पेटीतून एकेक वस्तू काढून दाखवायला सुरुवात केली आणि वेळ वाढवून मिळत गेला. १९२२ च्या कायद्यात जकात आली. आणि पिस्त्याचा किस्सा तर अजबच. कॅलिफोर्नियातला पिस्ता ज्या जातीवर उभा राहिला ती केरमन, तिचं बी विल्यम व्हाइटहाउस या शास्त्रज्ञाने १९२९-३० च्या दौऱ्यात इराणहून आणलं होतं. आणि १९८६ मध्ये त्याच बागायतदारांच्या अर्जावरून इराणच्या पिस्त्यावर २४१ टक्के अँटी-डंपिंग ड्यूटी, म्हणजे परदेशी माल फार स्वस्तात ओतला जातोय म्हणून लावायची जादा जकात, बसली. बी तुमचं, बाजार आमचा. संघटनेच्या दृष्टीने हे उत्तमच काम झालं, वर्गणी वसूल. पलीकडच्या बागायतदारालाही झाड वाढवायला तितकीच वर्षं लागली होती हे कुठल्याच अहवालात येत नाही, आणि येणारही नाही, तो त्यांचा मेंबर नाही.

तब्येतीच्या बातम्यांबद्दल थोडक्यात सांगते. रोज मूठभर बदाम-अक्रोड खा, हृदय चांगलं राहतं, हे आपण वाचतो त्यामागेही संघटनाच असतात. २००३ मध्ये अमेरिकेच्या अन्न-औषध खात्याने पाकिटावर तसं लिहायला परवानगी दिली, दिवसाला ४२ ग्राम, पण वाक्य असं बांधून दिलं की पुरावा तसं सुचवतो पण सिद्ध करत नाही. तो अर्ज झाडावरच्या नटांच्या संघटनेच्या संशोधन संस्थेचाच होता. स्पेनमधला प्रेडिमेड नावाचा गाजलेला मोठा अभ्यास, २०१३ चा, त्यात लोकांना वाटलेले अक्रोड कॅलिफोर्नियातल्या अक्रोडवाल्यांच्या कमिशनने फुकट पुरवले होते. तो अभ्यास २०१८ मध्ये मागे घ्यावा लागला, माणसांची विभागणी काही ठिकाणी नीट झाली नव्हती म्हणून, आणि सुधारून पुन्हा छापला, निष्कर्ष साधारण तोच राहिला पण भाषा मवाळ झाली. मी अक्रोड खाते. फक्त कोणी कौतुक केलं की खर्च कोणी केला ते बघायची सवय लागलीये.

आणि सगळ्यात शेवटी काजू, कारण ती गोष्ट वाचून मी दोन दिवस अस्वस्थ होते. आफ्रिकेतला मोझांबिक हा १९६० च्या दशकात जगातला सगळ्यात मोठा काजू पिकवणारा देश होता. काजू फोडणं हे काही शेंग सोलण्यासारखं नाही, टरफलात चीक असतो, हात पोळतात, म्हणून फोडण्याचे कारखाने, आणि त्यात हजारो कामगार, बायका भरपूर. १९९० च्या दशकात जागतिक बँकेच्या अटीने तिथे कच्च्या काजूवरचा निर्यात कर उतरवायला लावला. हिशेब कागदावर सरळ होता, कच्चा काजू बाहेर मोकळा जाईल, भाव वाढेल, शेतकऱ्याचं भलं होईल. कारखानदारांची संघटना आणि कामगारांची युनियन, एरवी समोरासमोर बसणारी, या वेळी एका बाजूला बसून ओरडत होती की हे करू नका. कारखाने बंद पडले. नंतर तीन अर्थशास्त्रज्ञांनी मोजलं, तर काजूवाल्या शेतकरी कुटुंबाला वर्षाला सरासरी ५ डॉलरच्या आसपास जास्त मिळाले असतील. बाकीचं मधल्या व्यापाऱ्यांकडे गेलं. १९९९ मध्ये संसदेने कर परत वाढवला, तोवर कारखान्यांना कुलपं लागलेली.

मला त्या सगळ्यात एक खुर्ची रिकामी दिसत राहते. बँक बोलत होती शेतकऱ्याच्या नावाने, कारखानदार बोलत होते उद्योगाच्या नावाने, युनियन कामगारांच्या, आणि घराभोवती थोडीशी झाडं असलेला तो काजूवाला, विखुरलेला, फोन नाही, पावतीपुस्तक नाही, तो कुठेच नाही. ‘उत्पादक आणि उद्योग’ असं प्रत्येक संघटनेच्या उद्देशात एका दमात लिहिलेलं असतं, मीही कित्येकदा तसंच भाषांतर केलंय, पण त्या ‘आणि’च्या दोन बाजूंना भाव वेगवेगळा हवा असतो. ओरेगनच्या हेझलनटवाल्यांनी म्हणूनच पॅकिंगवाल्यांशी भावाची बोलणी करायला वेगळी संघटना ठेवली, संशोधनाचं कमिशन वेगळं. हुशार लोक.

ममीचं शेवटी मी ‘सुकून लटकलेले बदाम’ असं केलं. क्लायंटने ते खोडून परत ममी लिहिलं.

आणि खजिनदारकीचा शेवटचा महिना आठवतो. आमच्या धंद्याला लागू होणारा एक नियम अचानक बदलला, आणि त्या दिवशी सकाळी पहिला फोन आला तो दोन वर्षांत एकदाही वर्गणी न भरलेल्या गृहस्थांचा. ‘मॅडम, ते नवीन नियमाचं काय झालं हो? आपली संघटना काही करतेय की नाही?’ आपली म्हणाले. मी अर्धा तास सगळं समजावून सांगितलं, कुठला फॉर्म, कुठली तारीख. त्यांनी लिहून घेतलं, थँक्यू म्हणाले, फोन ठेवला. पावतीपुस्तक समोरच पडलं होतं.